अहवाल दिला, पुढे काय?

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख कळू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत): मराठवाड्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात आमची लहानशी संस्था आहे. इथली निम्मीअधिक गावं दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात. मुलांनी गावात राहून शाळा शिकावी म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहं आहेत, पण टोळ्या निघून गेल्यावर ती सुरू होतात. आम्ही घरोघर फिरून पाहणी केली, १४० पानांचा अहवाल केला, जिल्हाधिकारी, आमदार, शिक्षणाधिकारी सगळ्यांना दिला. सगळ्यांनी कौतुक केलं आणि कोणीच काही केलं नाही. उलट तो अहवाल 'उचित कार्यवाहीस्तव' खाली खाली पाठवला गेला आणि ज्या मुख्याध्यापकांनी आम्हाला माहिती दिली होती त्यांनाच खुलासा मागणारं पत्र आलं. आता संस्थेत तीन मतं आहेत. एक म्हणतात, पुण्याच्या एखाद्या विद्यापीठाला घेऊन मोठा अभ्यास करू, एक देणगीदार पैसे द्यायला तयार आहे. दुसरे म्हणतात, नागपूर अधिवेशनाच्या तोंडावर पत्रकार परिषद घेऊन सगळं उघड करू. तिसरे म्हणतात, नाद सोडा, त्याच पैशात आपणच वसतिगृह चालवू. मला तर आता वाटू लागलंय की आकडे-अभ्यास याला काही अर्थ नसतो, वर ओळख असेल त्याचंच काम होतं. काय करावं?

प्रिय मैत्रिणी,

पत्र मन लावून लिहिलंय तुम्ही, आणि त्यातला शीण मला समजतो. तीन वाटांपैकी कोणती धरायची ते नंतर बघू. त्याआधी तुमच्या पत्रातल्या दोन-तीन गोष्टींवर जरा थांबायला हवं, कारण तिन्ही वाटा त्यांच्यावरच उभ्या आहेत.

पहिली गोष्ट. सरकारला हे माहीत नाही, आम्ही पुराव्यानिशी दाखवलं की ते हलेल, असं तुम्ही धरून चालला होता. पण विचार करा, तुमच्या तालुक्यात कोणाला माहीत नाही? गटशिक्षणाधिकाऱ्यांना माहीत आहे, केंद्रप्रमुखांना माहीत आहे, ग्रामसेवक तर त्याच गावात बसतो. ट्रॅक्टर आणि ट्रक भरून माणसं निघतात ते लपून राहत नाही. माहिती सगळ्यांना आहे. ती कागदावर येत नाही, आणि तिथे न येण्याला कारण आहे.

तुमच्या अहवालात शाळांच्या हजेरीवर एक प्रकरण आहे. उसाच्या फडावर गेलेली मुलं हजेरीपटावर हजर दिसतात, हे तुम्ही नावानिशी दाखवलंत. खरंच आहे ते. पण मुख्याध्यापकाच्या जागी बसून बघा. पटावर शिक्षकांची पदं ठरतात. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो, त्याचं समायोजन होऊन तो दुसरीकडे जातो, आणि द्विशिक्षकी शाळा एकशिक्षकी होते. मुलं मार्चअखेरीला परत येतात तेव्हा त्यांना शिकवायला माणूस उरत नाही. म्हणून तो मूल हजर लावतो. तुमचा अहवाल खरा मानायचा तर वरच्या प्रत्येक अधिकाऱ्याला आपली आधीची माहिती खोटी होती हे कबूल करावं लागतं. मग सोपं काय? खालच्याला खुलासा मागणं. तेच झालं.

यात तुमचा आकडा चुकला नव्हता. पण तो मान्य करण्याची किंमत फार होती, आणि ती सगळ्यांत कमी ताकदीच्या माणसाला मोजावी लागली. पुढच्या कागदात खरं सांगायची एक वाट त्या मुख्याध्यापकाला ठेवा. वाट आहेही. राज्यात शिक्षण हमी कार्डाची पद्धत आहे: स्थलांतर करणाऱ्या मुलाच्या हातात कार्ड द्यायचं, म्हणजे ते जिथे जाईल तिथल्या शाळेत बसू शकेल. ते नीट वापरलं तर मूल 'गैरहजर' न लागता 'स्थलांतरित' म्हणून नोंदलं जातं, आणि परत येणार म्हणून त्याची जागा राहते. 'शाळा खोटी हजेरी लावतात' या वाक्याच्या जागी 'स्थलांतरित मुलांची वेगळी नोंद ठेवा आणि त्या नोंदीमुळे संचमान्यतेत पद कापू नका' हे वाक्य घाला. दोन्हींच्या मागे एकच माहिती आहे, पण दुसऱ्या वाक्याला शिक्षक संघटनासुद्धा तुमच्या बाजूने उभ्या राहतील.

दुसरी गोष्ट. तुमच्या अहवालाच्या शेवटी दोन पानं शिफारशी आहेत. त्यातल्या जवळजवळ सगळ्यांचा कर्ता 'शासन' आहे. शासनाने संवेदनशीलतेने पाहावे, शासनाने तातडीने पावले उचलावीत. हे शासन कोण? हंगामी वसतिगृह शालेय शिक्षणाकडे येतं. गावपातळीवर ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. मंजुरी जिल्हा परिषदेतून जाते आणि पैसा समग्र शिक्षा या केंद्राच्या शालेय शिक्षण योजनेच्या वार्षिक कार्ययोजनेतून येतो. त्या योजनेवर शेवटची मोहोर दिल्लीत उमटते. ऊसतोड कामगारांसाठीचं गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ मात्र सामाजिक न्याय विभागाकडे आहे. त्याला पैसा मिळतो तो कारखान्यांनी गाळलेल्या दर टनामागे १० रुपये आणि तितकीच भर राज्य सरकारची. त्याच विभागाची तालुक्याच्या ठिकाणची संत भगवानबाबा वसतिगृहं वेगळी. आणि गाळप कधी सुरू होणार हे ठरवणार मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची मंत्री समिती, साखर आयुक्तालयाच्या माहितीवरून. तीन विभाग. तुमचा कागद जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला. त्यांनी तो वाचलाही असेल, पण एका सहीने सुटावं असं त्यात त्यांच्या हातात फार थोडं होतं.

म्हणून माझा प्रश्न असा की तुमच्या १४० पानांतली कोणती एक गोष्ट, कोणत्या एका माणसाच्या सहीने, कोणत्या तारखेच्या आत बदलू शकते?

मला उत्तर तुमच्याच अहवालात सापडलं, मागच्या परिशिष्टात, जिथे ते कोणी वाचणार नाही. तुम्ही एक तक्ता दिलाय: गावाचं नाव, गावातून पहिली टोळी निघाल्याची तारीख, त्या गावात वसतिगृहाचं पहिलं जेवण शिजल्याची तारीख. हा तक्ता म्हणजे तुमचा सगळा अभ्यास आहे. टोळी गेल्यावर कित्येक आठवड्यांनी चूल पेटते. ज्या आईला मूल मागे ठेवायचं होतं तिने ते ठेवायचं कोणाच्या भरवशावर? उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असते, टोळी नेणाऱ्या मुकादमाची गाडी दारात असते, कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, त्यामुळे एकाला मागे राहायची सोय नाही. आजी धडधाकट असेल तर मूल राहतं, नाहीतर गाडीत बसतं. नंतर उघडलेल्या वसतिगृहात पटावर नावं असतात आणि ताटं कमी असतात. मग 'मागणीच नाही' म्हणून पुढच्या वर्षी संख्या कापली जाते. हे चक्र तुमच्या तक्त्यातल्या दोन तारखांमध्ये दिसतं.

आता त्याच्या शेजारी तिसरी तारीख लावा: मंत्री समितीने ठरवलेली गाळप हंगामाची. २०२२ मध्ये ती १५ ऑक्टोबर होती, २०२३ मध्ये १ नोव्हेंबर, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबर. म्हणजे दोन वर्षांत महिनाभर सरकली. वसतिगृहाच्या मंजुरीची कागदपत्रं मात्र आपल्या ठरल्या चालीने फिरतात. तुमची मागणी मग एका ओळीची होते: गाळप हंगाम सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी हंगामी वसतिगृह सुरू झालेलं असावं, आणि त्यासाठीची मंजुरी ऑगस्टअखेर मिळावी. यात नवी योजना किंवा नवं पद मागितलेलं नाही. पैसाही आहे त्याच योजनेतला. अधिकाऱ्याला 'हो' म्हणताना भीती वाटेल असं यात फारसं काही नाही. 'नाही' म्हणायचं असेल तर मात्र कारण लिहावं लागेल.

हे दोन पानांत बसतं. पहिल्या पानावर तक्ता आणि मागणी, दुसऱ्यावर कोणत्या कार्यालयाने काय करायचं ते. १४० पानं फेकू नका. कोणी 'हे कशावरून?' विचारलं की ती टेबलावर ठेवायची.

आता तुमच्या तीन वाटा.

विद्यापीठाचा मोठा अभ्यास. मोठ्या अभ्यासाने काय साधतं याचं आपल्याकडचं मोठं उदाहरण गडचिरोलीचं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत खेड्यातल्या बायकांना शिकवली, काळजीपूर्वक मोजली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडली. २००१ मध्ये राज्यातल्या अनेक संस्थांनी मिळून बालमृत्यूंची मोजणी केली. सरकारी दफ्तरात दिसतात त्याहून खरे मृत्यू कितीतरी जास्त आहेत हे 'कोवळी पानगळ' या अहवालातून पुढे आलं आणि गदारोळ झाला. घरोघरी नवजात काळजी हा देशाचा कार्यक्रम झाला २०११ मध्ये, आशांमार्फत. लॅन्सेटपासून बारा वर्षं. ते काम तितक्याच शिस्तीचं असायला हवं होतं, कारण प्रश्नच असा होता: खेड्यातली कमी शिकलेली बाई बाळाचा जीव वाचवू शकते का? यावर डॉक्टर मंडळींचा विश्वास नव्हता. अशा जागी कठोर शास्त्रीय पुराव्याला पर्याय नसतो.

तुमचा प्रश्न तसा नाही. वसतिगृह वेळेवर उघडलं तर मूल गावात राहतं, यावर तुमच्याशी कोणी वाद घातलेला नाही. ज्यावर वादच नाही ते सिद्ध करण्यात दोन वर्षं आणि देणगीदाराचा पैसा घालवू नका. विद्यापीठाची मदत घ्यायचीच तर लहान कामासाठी घ्या: तुमची प्रश्नावली आणि तक्ता कोणीतरी तटस्थपणे तपासून 'मोजणी बरोबर आहे' असं लिहून द्यावं. 'एनजीओचे आकडे' असं म्हणून कागद बाजूला सारणाऱ्यांसाठी ते पुरेसं असतं.

पत्रकार परिषद. वर्तमानपत्रांची ताकद कमी लेखू नका. बीडमधल्या ऊसतोड महिलांची गर्भाशयं काढली जातात हे गावागावांत ठाऊक होतं, पण २०१९ मध्ये बातम्या आल्या तेव्हा राज्य हललं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. त्यानंतर खासगी रुग्णालयांना ही शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली. यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग हा की शेवटचा आकडा सरकारच्याच समितीने मोजलेला होता. तो कोणी नाकारू शकलं नाही. संस्थांनी आणि पत्रकारांनी दार ठोठावलं, पण मोजायला सरकारला लावलं.

तेव्हा पत्रकारांकडे जा, पण क्रम बदला. आधी माहिती अधिकाराचा अर्ज करा. मागच्या तीन हंगामांत तुमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक हंगामी वसतिगृहाच्या मंजुरीच्या आदेशाची प्रत आणि निधी शाळेच्या खात्यावर जमा झाल्याची तारीख, एवढंच मागा. 'विलंब का झाला' असं विचारू नका. कारण सांगायला कायद्याने ते बांधलेले नाहीत, आणि अर्ज परत यायला तेवढं निमित्त पुरतं. तीस दिवसांत उत्तर आलं की तुमच्या तक्त्याला सरकारी कागदाचा आधार मिळेल. मग तुमच्या भागातल्या आमदारांना, आणि विरोधी बाकावरच्या एखाद्या आमदारांनाही, विधिमंडळात मांडायचा तारांकित प्रश्न किंवा लक्षवेधी सूचना तयार करून द्या. तयार करून द्या म्हणजे शब्दशः टाइप करून. आमदारांच्या स्वीय सहायकाला अधिवेशनाआधी कामाचा डोंगर असतो. नीट लिहिलेला चार ओळींचा प्रश्न त्याला हवाच असतो. बातमी त्या प्रश्नाच्या आदल्या दिवशी यावी. आणि मुख्याध्यापकांची, गावांची, मुलांची नावं कुठेही नकोत. फडाजवळच्या कोप्यातल्या, म्हणजे झोपडीतल्या, मुलाचा चेहरा दाखवणारा फोटो तर मुळीच नको. त्या मुलाच्या बापाने उचल घेतलेली आहे आणि पुढच्या वर्षी त्याला त्याच मुकादमाकडे जायचंय, हे पत्रकाराला तुम्हीच समजावून सांगायचं.

स्वतः वसतिगृह चालवणं. ही वाट मला सगळ्यांत अवघड वाटते, कारण तिच्यामागे कळकळ आहे. यंदाची मुलं यंदाच जाणार, धोरण बदलेपर्यंत ती थांबणार नाहीत. पण संस्थेने पूर्ण भार उचलला की अधिकाऱ्याच्या डोक्यावरचं ओझं उतरतं आणि दोन वर्षांनी देणगी संपली की मुलं पुन्हा गाडीत बसतात. मधला मार्ग आहे. दोन-तीन गावं निवडा. वसतिगृह शाळा व्यवस्थापन समितीनेच चालवायचं, सरकारी योजनेच्याच दरात, फक्त मंजुरी येईपर्यंतच्या मधल्या आठवड्यांचा खर्च तुम्ही उचलायचा. रोज किती ताटं वाढली याची वही समितीच्या सह्यांनी ठेवा. हंगाम संपला की वेळेवर उघडलेल्या आणि उशिरा उघडलेल्या गावांत मार्चपर्यंत किती मुलं टिकली ते शेजारी शेजारी मांडा. तुमच्या देणगीदाराला हेच सांगा. पैसा कमी लागेल आणि हातात पुरावाही येईल.

'वर ओळख असेल त्याचंच होतं' या वाक्याबद्दल. ओळखीने कामं होतात हे खरं आहे, आणि कारखाना, मुकादम, राजकारण यांचा तुमच्या भागातला गुंता तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. नुसत्या आकड्याने तो सुटत नाही. पण ज्यांची ओळख नव्हती अशा माणसांनी मोजणीच्या जोरावर जागा मिळवल्याची उदाहरणं आहेत. पुण्यातल्या कचरावेचक बायकांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ पासूनची. आमची दया करा, असं म्हणत त्या महापालिकेत गेल्या नाहीत. त्यांच्या कामाचा जो अभ्यास २००१ मध्ये पुढे आला त्यात हिशेबच मांडला होता: या बायका जेवढा माल वेचून पुन्हा वापरात आणतात तेवढा कचरा उचलण्याचा, वाहून नेण्याचा पालिकेचा खर्च वाचतो, म्हणजे प्रत्येक बाई शहराला दरमहा फुकट श्रम देते. आरोग्य विम्याची मागणी त्यामुळे हक्काची झाली आणि पुढच्या एक-दोन वर्षांत महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांचा विमा काढला. प्रशासनाला कळेल अशा भाषेत, म्हणजे त्याच्याच खर्चाच्या भाषेत, ती मोजणी होती. तुमच्याकडेही असा हिशेब आहे: उशिरा उघडलेल्या वसतिगृहावर खर्च झालेले पैसे आणि प्रत्यक्ष जेवलेली मुलं. जिल्हा परिषदेच्या लेखा विभागाला तो नक्की समजेल.

आणि त्या मोजणीमागे संघटना होती, हे विसरू नका. तुमच्या पत्रात मला हीच एक उणीव जाणवली. अहवाल जिल्हाधिकाऱ्यांना दिला, आमदारांना दिला. ज्यांच्या दारात बसून माहिती घेतलीत त्यांना काय दिलंत? राजस्थानात 'मजदूर किसान शक्ती संघटने'ने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. त्यांनी सरकारी कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. नावं वाचली गेली तेव्हा ज्यांची होती ती माणसंच उठून म्हणाली की आम्ही तिथे कधी गेलोच नव्हतो. पुढे देशभर माहितीच्या हक्काची जी मागणी उभी राहिली तिची एक मुळी त्या मांडवात आहे.

तुम्हाला मांडव घालायची गरज नाही. टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये परततात. तेव्हा प्रत्येक गावात तुमचा तक्ता मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून शाळेच्या भिंतीला लावा आणि बायकांना विचारा, तारखा बरोबर आहेत का? त्या दुरुस्त्या करतील, तुम्हाला माहीत नसलेलं सांगतील. मुकादमांपैकीही काहींना मुलं गाडीत नकोच असतात, कारण फडावर मूल आजारी पडलं की कोयता बंद पडतो. त्यांना सरसकट शत्रू समजू नका. मग ग्रामसभेत ठराव घ्या: आमच्या गावातली अमुक मुलं यंदा मागे राहणार आहेत, वसतिगृह अमुक तारखेला हवं. जिल्हा परिषदेकडे संस्थेच्या पत्रासोबत अशा गावागावांच्या ठरावांचा गठ्ठा जाऊ द्या.

वेळापत्रकाकडे लक्ष ठेवा. जिल्ह्यातून समग्र शिक्षाची पुढच्या वर्षाची योजना वर जाते ती हिवाळ्यात. नेमकी तेव्हा आपली कार्यकर्ती मंडळी फडावर मुलांना भेटायला गेलेली असतात, म्हणून हा टप्पा दरवर्षी निसटतो. एकीला फक्त त्या कामासाठी तालुक्यात ठेवा. ऑगस्टची मंजुरी मागायला एप्रिलमध्ये सुरुवात करावी लागते. अधिकारी बदलतात, म्हणून प्रत्येक भेटीनंतर 'आज आपण असं ठरवलं' असं दोन ओळींचं पत्र त्यांच्या आवक विभागात देऊन पोच घ्या. नव्या अधिकाऱ्यासमोर ती पोच ठेवली की पहिल्यापासून सांगावं लागत नाही.

स्थलांतर, अंगणवाडी, पाणी, रेशन, कशावरही काम करणाऱ्या संस्थांनी मला असं विचारलं की मी त्यांना एकच सुचवते: पाहणीची प्रश्नावली छापायच्या आधी त्या योजनेचा शासन निर्णय नीट वाचा, आणि उत्तरं आल्यावर त्यातलं कोणतं कलम, कोणती तारीख, कोणता दर बदलून हवाय ते आधीच लिहून काढा. म्हणजे घराघरांतून तेवढंच विचारलं जातं आणि लोकांचाही वेळ वाया जात नाही.

या आठवड्यात तुम्ही करायचं पहिलं काम मात्र वेगळं आहे. ज्या मुख्याध्यापकांना खुलासा मागितला गेला त्यांना भेटा. शिक्षणाधिकाऱ्यांना संस्थेतर्फे लेखी कळवा की माहिती गावकऱ्यांकडून आणि प्रत्यक्ष पाहणीतून घेतलेली आहे, तिची जबाबदारी संस्थेची आहे, शाळांवर कारवाई व्हावी असा अहवालाचा हेतू नाही, आणि स्थलांतरित मुलांच्या वेगळ्या नोंदीबाबत आपल्याला भेटायचं आहे. त्या पत्राची प्रत मुख्याध्यापकांच्या हातात स्वतः नेऊन द्या. माहिती अधिकाराचा अर्ज त्यानंतर टाका.